आमच्या घरमालकांचं उलटं रॉकेट

नळदुर्गच्या शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा माझ्याबरोबर आई होती, एक पत्र्याची पेटी होती आणि राहायला जागा नव्हती. आम्ही मायलेकी दिवसभर गल्ल्यांमधून फिरलो. रिकाम्या खोल्या पुष्कळ होत्या. मास्तरीणबाई म्हटल्यावर लोक आदरानं चटई टाकत, पाणी विचारत, मग गाव विचारत आणि शेवटी आडनाव. आम्ही बौद्ध. आडनाव ऐकलं की त्या घरात कुणातरी पुतण्याचं लग्न निघे आणि खोली नेमकी त्याच्यासाठी ठेवलेली असे. दिवस कलला तेव्हा आई म्हणाली, "या गावात औंदा लई लग्नं हायती."

त्याच वेळी आम्हाला ते दिसले. एका घराच्या ओट्यावर मांडी घालून, नवी छत्री उघडून उलटी धरलेली, आणि तिच्यात तांब्यानं पाणी ओतणं चाललेलं. सालभर पावसाचा थेंब नव्हता. लोक टँकरमागं धावत होते आणि हे गृहस्थ छत्रीखाली मान घालून एखादा थेंब गळतो का ते बघत होते. मी विचारलं, खोली मिळेल का. त्यांनी आम्हा दोघींकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "वजन किती?"

मला वाटलं सामानाचं विचारतात. मी पेटीकडं बोट केलं.

"सामानाचं मी बघतो. तुमचं दोघींचं किती?"

आईला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "म्या कवा मोजलं न्हाय. पर दुष्काळात लई उतरलं."

"उतरलेलं परत चढतं," ते म्हणाले. "चढलेलं धरून चालू."

खोली माडीवर होती आणि तिच्या तुळया जुन्या होत्या. त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं, शेजाऱ्यांकडून ज्वारीची पोती आणून माडीवर चढवली, स्वतः त्या पोत्यांमध्ये उभं राहून उड्या मारल्या, आणि पुरेशा वाटेनात म्हणून बायकोला वर बोलावून तिलाही उड्या मारायला लावल्या. काकू डोईवरचा पदर दातात धरून, एका शब्दानं काही न विचारता उड्या मारत होत्या. आमच्या डोक्यावर माती पडत होती. मग ते खाली आले, हात झटकले आणि म्हणाले, "टिकली. या राहायला." आमचं आडनाव त्यांना पुढं पोस्टमनकडून कळलं. कळलं एवढंच. त्याचं त्यांनी काही केलं नाही.

माझ्या घरमालकांचं सगळं आयुष्य तीन शब्दांत मावत होतं, "आधी जमिनीवर तपासा." काकूंनी नवी शिडी आणली की ती आधी अंगणात आडवी टाकून तिच्यावरून चालून बघायचे. नवी चप्पल घेतली की आधी घरातल्या घरात आठवडाभर. माझा शाळेतला पहिला धडा त्यांनी आदल्या दिवशी ओट्यावर घ्यायला लावला. स्वतः पोरासारखे पुढं बसले आणि मध्येच उठून म्हणाले, "बाई, लघवीला जाऊ?" मी गडबडले. तेव्हा म्हणाले, "बघा. हे उद्या झालं असतं."

गल्लीत एक म्हातारे वारले होते तेव्हाची गोष्ट तर गावभर सांगितली जायची. तिरडी बांधून झाली. मंडळी म्हाताऱ्यांना आणायला आत वळणार तेवढ्यात हे पुढं झाले, तिरडीवर आडवे पडले, हात छातीवर ठेवले आणि म्हणाले, उचला. म्हाताऱ्यांचा मुलगा रडायचा थांबला. चौघांनी काही न सुचून उचललं. अंगणात अर्धी फेरी झाली आणि एक बांबू कडकन मोडला. हे खाली पडले, उठले, धूळ झटकून म्हणाले, बांबू बदला. तेव्हापासून गल्लीत कुणी गेलं की लोक आपण होऊन त्यांना बोलवायचे. मात्र घरात कुणी आजारी असलं की काकूंना आधीच निरोप यायचा, समाचाराला तुम्ही या, त्यांना पाठवू नका.

हे असं का, याचा उलगडा मला आईमुळं झाला. ती त्यांच्याकडं पहिल्यापासून निरखून बघत होती. एकदा ज्वारी पाखडता पाखडता तिनं सरळ विचारलं, "दादा, तुमी बहात्तरच्या दुष्काळात तळ्याच्या कामावर मिस्त्री व्हता का?"

ते हो म्हणाले.

"म्या त्याच तळ्यावर व्हते. टोपली वाह्यला."

मला तळ्याची गोष्ट माहीत होती, कारण ती आमच्या घरात पुष्कळदा निघे. सगळा पंचक्रोशीचा गोतावळा त्या पाझर तलावाच्या बांधावर माती टाकायला होता. सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन माणसं दिवस काढत होती आणि बांध वाढत होता. वरून घाई होती. बांध नीट चोपून, पाणी सोडून बघायला वेळ कुणी दिला नाही. पुढं पाऊस आला तेव्हा सगळे आनंदानं बांधावर उभे राहून आभाळाकडं बघत होते, आणि बांध खालून, पायातून गेला. माणूस कुणी दगावलं नाही, पण एवढ्या माणसांनी डोईवरून वाहिलेली माती एका दुपारीत ओढ्यानं नेली.

"म्या बी वरच बघत व्हतो, आक्का," ते म्हणाले. एरवी ते माझ्याशी शुद्ध बोलायचे, पण आईशी बोलताना त्यांची भाषा घरची व्हायची. त्या कामानंतर त्यांनी मिस्त्रीकी सोडली होती. आईनं सूप आपटलं आणि पाखडायला लागली. त्या दिवसापासून त्यांच्या घरातली कुठलीही नवी वस्तू आईला दाखवल्याशिवाय वापरात येत नसे.

रॉकेटाचं खूळ आलं ते चहाच्या हॉटेलातून. देशानं सोडलेलं रॉकेट समुद्रात पडलं अशी बातमी पेपरात होती आणि हॉटेलातली माणसं हळहळत होती. यांनी विचारलं, "जमिनीवर तपासलं होतं का?" कुणाला माहीत नव्हतं. ते चहा तसाच ठेवून घरी आले आणि काकूंना म्हणाले, आपण एक करू. काकूंना वाटलं शंकरपाळी.

हातपंपासाठी आणलेला एक पाइप, खाली पाणीच न लागल्यानं, पंचायतीच्या आवारात पडून होता. तो त्यांनी मिळवला. हायवेवर ट्रक दुरुस्त करणाऱ्या लेथवाल्याकडून त्याला खालून एक निमुळतं तोंड करून घेतलं. आत भरायला साखर आणि सोलापूरच्या शोभेच्या दारूवाल्याकडून आणलेली एक पांढरी पूड. साखरेचं रॉकेट म्हटल्यावर मला ती थट्टा वाटली, पण ते गंभीर होते. म्हणाले, आपल्या भागात ऊस आहे, साखर कारखाने आहेत, आपलं रॉकेट साखरेचंच असणार.

काकूंच्या खांद्याला लागेल एवढं ते उंच झालं. ते बाजेवर निजवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मुंग्या लागल्या. काळ्या मुंग्यांची रांग बाजेच्या पायावरून वर चढून पाइपात जात होती आणि पांढरे कण घेऊन दुसऱ्या पायावरून उतरत होती. त्यांनी बाजेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये ठेवायचं काढलं. त्या घरात आल्यापासून काकूंना 'नाही' म्हणताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. प्यायला पाणी नाही आणि मुंग्यांना खंदक खणता काय, असं त्या म्हणाल्या. मग पायांभोवती चुलीतली राख टाकली. मुंग्यांनी एक दिवस विचार केला आणि छताकडून आल्या.

पहिली चाचणी अंगणात झाली. रॉकेट आडवं करून, दगडी उखळाला तारेनं करकचून बांधलं. ते फुसफुसलं, थरथरलं आणि त्याच्या तोंडातून तपकिरी पाक गळायला लागला. गल्लीभर काकवीचा वास सुटला. शेजारणी वाट्या घेऊन दारात आल्या, कारण त्यांना वाटलं गुऱ्हाळ लागलं. ते जरासुद्धा निराश झाले नाहीत. म्हणाले, हे वर झालं असतं तर?

याच काळात सोसायटीचे चेअरमन आमच्या ओट्यावर आले. सोसायटी म्हणजे शेतकऱ्यांना खत-बियाणं देणारी सहकारी संस्था, आणि चेअरमन म्हणजे तिचे देव. रुंद, वजनदार माणूस. चालताना आधी पोट यायचं, मग ते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विषय काढला. दुष्काळाचे दिवस आहेत, या घराच्या आडाला अजून पाणी आहे, गल्लीतल्या बायका त्या आडावर येतात. आता माडीवरच्या मायलेकी तिथंच पोहरा टाकतात, तर लोक बोलतात. माझं काही नाही, लोक बोलतात.

मी माडीच्या जिन्यात उभी होते. आई खालीच होती. तिनं हातातलं काम थांबवलं नाही.

घरमालक म्हणाले, यात बोलायचं काय, तपासून बघू. त्यांनी शेजारणीला आडातून एक तांब्या काढायला लावला आणि आईला एक. दोन्ही तांबे ओट्यावर चेअरमनपुढं ठेवले. म्हणाले, "प्या आणि सांगा, कुठला कुणाचा. तुम्हाला सांगता आलं तर मी उद्या आडाला कुलूप घालतो."

चेअरमन दोन्ही तांब्यांकडं बघत बसले. मग त्यांनी तहान नसल्याचं सांगितलं, काकूंनी आणलेला चहा बशीत ओतून भुरका मारला, चहा फक्कड झालाय म्हणाले आणि उठले. ते गल्लीच्या वळणावर गेल्यावर काकू आईला म्हणाल्या, "तुमच्याच घागरीतल्या पाण्याचा होता." काकूंचं विनोदी बोलणं म्हणून मला एवढं एकच आठवतं, आणि तेही त्या हसून बोलल्या नव्हत्या.

चेअरमन या अपमानाचा वचपा काढणार असं मला वाटत होतं. खोली जाईल या भीतीनं मी पेटीसुद्धा आवरून ठेवली. पण सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती आणि चेअरमनना एखादी मोठी गोष्ट हवी होती. समोरच्या पॅनलनं गोदाम बांधायचं वचन दिलं होतं. चेअरमननी पावसाचं दिलं.

सर्वसाधारण सभेला मी घरमालकांबरोबर गेले होते. चेअरमननी सांगितलं की आपले ढग दरवर्षी आपल्या डोक्यावरून जाऊन कर्नाटकात पडतात. आपल्याच गावातले एक तज्ज्ञ रॉकेट करत आहेत, त्यातून ढगात मीठ मारलं की ढग इथंच फुटेल. तेव्हा हे रॉकेट सहकारी तत्त्वावर सोसायटीनं ताब्यात घ्यावं. टाळ्या झाल्या. एक म्हातारे सभासद उठले आणि म्हणाले, सोसायटीच्या रॉकेटानं पाडलेला पाऊस सभासद नसलेल्याच्या रानात पडला तर? सभा गंभीर झाली. कुणी म्हणालं, पडूच नये. कुणी म्हणालं, शेजारधर्म आहे, थोडा पडू द्या. सेक्रेटरींनी कायदा काय म्हणतो ते बघावं लागेल असं सांगितलं. शेवटी ठराव झाला की पाऊस प्रथम सभासदांच्या क्षेत्रात पाडावा व उरल्यास इतरांच्या. घरमालकांना बोलायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पावसाचं मला काही माहीत नाही. हे किती जोर लावतं एवढं मला जमिनीवर बघायचंय." त्यालाही टाळ्या झाल्या.

गळणारं तोंड बदलून रॉकेट आता नीट पेटत होतं. पण जोर मोजायचा कसा, हा प्रश्न होता. सोसायटीचा वजनकाटा एका पोत्यापलीकडं टिकणार नव्हता. मग त्यांनी जे काढलं ते काढायला त्यांच्यासारखंच डोकं हवं. हायवेवरच्या एका ढाब्यामागं मोडीत निघालेल्या ट्रकची नुसती चेसी पडली होती. चेअरमननी माणसं लावून ती लांबलचक लोखंडी चौकट गावाबाहेरच्या माळावर आणली. ती एका मोठ्या दगडावर मधोमध आडवी ठेवली, पोरं खेळतात त्या फळीसारखी. एका टोकाला रॉकेट बांधायचं, आणि तेही उलटं, डोकं खाली आणि आगीचं तोंड आभाळाकडं. म्हणजे पेटलं की ते वर जायच्याऐवजी खाली दाबणार. दुसऱ्या टोकाला वजनं केलेली माणसं बसवायची. जेवढी माणसं उचलली जातील तेवढा जोर.

गावातल्या कुणाच्याच हे पचनी पडेना. "म्हणजे रॉकेट खाली राहणार आणि माणसं वर जाणार?" असं लोक पुन्हा पुन्हा विचारत, आणि ते पुन्हा पुन्हा "बराबर" म्हणत. माणसांच्या जागी पोती का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, माडीवर चढवली ती ज्वारी लोकांनी कधीच खाल्ली, भरलेली पोती आता गावात आहेत कुठं.

चाचणीच्या सकाळी माळावर जत्रा भरली. शेंगदाणेवाला आला. सोलापूरच्या कुठल्याशा पेपरचा फोटोग्राफर आला. बसायला मात्र कुणी पुढं होईना. सगळे एकमेकांना पुढं ढकलत होते. तेव्हा आई पदर खोचून चेसीवर जाऊन बसली.

"जलमभर वझं वाह्यलं," ती म्हणाली. "एकदा वझं हून बघते."

तिच्यामागून काकू बसल्या. मग मला बसणं भागच होतं. तरी वजन कमी पडत होतं. फोटोग्राफरनं कॅमेरा बायकांकडं वळवलेला बघितला आणि चेअरमनना राहवेना. ते पुढारी होते, त्यांनी पुढाकार घेतला. त्यांना कॅमेऱ्यासमोर, बायकांपासून सुटं, मोकळं बसायचं होतं. पण घरमालकांनी त्यांना उठवलं. जड माणूस टोकाला, त्याला खेटून हलकं, असा त्यांचा हिशेब होता, आणि त्या हिशेबानं चेअरमनच्या खांद्याला खांदा लावून आई आली. त्या चेसीवर माणसं वजनानं बसवली होती. नळदुर्गात दुसरीकडं कुठं मी तशी बसवलेली पाहिली नव्हती.

ते स्वतः दगडाशेजारी पालथे पडले आणि ट्रकच्या बॅटरीला वायर लावली.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग पलीकडच्या टोकातून आगीचा एक पांढरा खांब वर गेला, शंभर ट्रक एकदम हॉर्न वाजवतात तसा आवाज झाला आणि आम्ही उचललो गेलो. सावकाश नाही, एकदम. माळ खाली गेला. शेंगदाणेवाल्याची टोपली मला वरून दिसली. चेअरमननी डोळे मिटून आईचा हात दोन्ही हातांनी धरला होता. सगळं गाव बघत होतं.

"सोडू नगा," आई त्यांना म्हणाली. "काय होत न्हाय. धरून ऱ्हावा."

त्यांनी क्षणभर धरलं. मग डोळे उघडले, खाली बघितलं आणि उडी मारली. सगळ्यात जड माणूस कमी झाल्यावर आम्ही तिघी आणखी वर फेकल्या गेलो. मी जीभ चावून घेतली. काकूंच्या डोईवरचा पदर तेवढा हलला नाही. मग आग संपली आणि आम्ही दाणकन खाली आलो. धुरात सगळीकडं जळक्या साखरेचा वास. चेअरमन पाय धरून ओरडत होते. आणि घरमालक दगडाजवळून, मातीनं भरलेल्या तोंडानं, उठून उभे राहिले.

"दगड हलला नाही," ते म्हणाले. त्यांचा एवढा आनंदी चेहरा मी आधी पाहिला नव्हता.

आवाज ऐकून फौजदार आले. माळावर अजून धूर होता आणि चेअरमनना बाजेवर घालून नेत होते. फौजदारांनी घरमालकांना बाजूला घेऊन चौकशी चालू केली. बिनपरवाना रॉकेट उडवलं का, असं विचारलं.

"रॉकेट नाही उडालं," घरमालक म्हणाले. "चेअरमन उडाले."

फौजदारांनी रॉकेटाकडं बघितलं. ते चेसीला बांधलेलंच होतं, डोकं खाली. त्यांनी आम्हा तिघींना विचारलं. आम्हीही तेच सांगितलं. मग त्यांनी चेअरमनना गाठून विचारलं की तक्रार आहे का. तक्रार केली तर गावादेखत घाबरून उडी मारली असं लिहून द्यावं लागणार होतं. चेअरमन कळा सोसत म्हणाले, तक्रार नाही, मी गावासाठी वर गेलो होतो. निवडणुकीचा सगळा प्रचार त्यांनी बाजेवर पडून, प्लॅस्टरातला पाय उशीवर ठेवून याच एका वाक्यावर केला आणि ते निवडून आले. माणूस म्हणून ते काही बदलले असं नाही. आडाचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही. पेपरात आलेल्या फोटोत ते आईचा हात धरून हवेत होते, आणि तो पेपर गावात घरोघर होता.

पुढच्या सालात पाऊस आपला आपण झाला आणि ठराव विसरला गेला. रॉकेट आता कुणालाच नको होतं. घरमालक मात्र दुसरं करत होते, तिसरं करत होते आणि प्रत्येक उलटं बांधून जमिनीत दाबून बघत होते. चेसीवर आता पोती असायची, कारण पोती भरली होती. पोरंसुद्धा बघायला यायची बंद झाली. जोर भरपूर आहे, पाइप फाटत नाही, तोंड वितळत नाही, सगळं तपासून झालं होतं. मग सोडत का नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, अजून एकदा बघू.

माझी बदली लोहाऱ्याला झाली. आम्ही सामान बांधायला घेतलं त्या सकाळी आई खाली गेली आणि म्हणाली, "दादा, आमी जायच्या आदी एकदा उडवा की. म्या सरळ बघितलंच न्हाय त्याला."

त्यांनी चुलीपाशी बसलेल्या काकूंकडं बघितलं. काकूंनी मान हलवली. मग ते उठले आणि रॉकेट खांद्यावर घेतलं.

माळावर आम्ही चौघंच होतो. लांब एक धनगर आणि त्याच्या शेळ्या. त्यांनी जमिनीत चार मेखा ठोकल्या, लोखंडी दांड्यांची घोडी उभी केली आणि तिच्यात पहिल्यांदाच रॉकेट सुलटं ठेवलं, डोकं वर करून. तसं ते मला अनोळखी वाटलं. आम्हाला लांब उभं केलं. वायर ओढत ते मागं आले, ओघळीत गुडघ्यांवर बसले आणि बॅटरीला लावली.

एक आवाज झाला आणि घोडी रिकामी झाली. आभाळात पांढरी रेघ ओढली जात होती, सरळ, जराही न हलता. शेळ्या उधळल्या. काकूंनी पहिल्यांदा डोईवरचा पदर सोडून दोन्ही हात कपाळाशी धरले. आई तोंड उघडं टाकून वर बघत होती. रेघ उंच जाऊन बारीक झाली आणि आभाळात मिसळली. ते कुठं पडलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. पडलेलं कुणी पाहिलं नाही.

मी वळून बघितलं तर ते घोडीपाशी पोचले होते. जमिनीला जवळजवळ कान लावून एकेक मेख हातानं हलवून बघत होते. सगळा वेळ त्यांनी मान वर केलीच नव्हती. चौथी मेख बघून झाल्यावर ते मागं बसले.

"मेखा हलल्या नाहीत," ते मला म्हणाले. मग आजूबाजूला बघितलं, आभाळाकडं बघितलं. तिथं आता काही नव्हतं. "गेलं का?"

"गेलं की, दादा," आई म्हणाली.

"कसं गेलं?"

आई त्यांच्याजवळ मातीत खाली बसली. "सरळ गेलं. लई वर गेलं."

"मग?"

"मग बारीक झालं. सुईवानी."

"डुगलं का?"

"न्हाय. जरा बी न्हाय."

"मग?"

"मग दिसंना झालं."

त्यांनी मान हलवली. मेखा उपटायला घेतल्या, एक उपटली आणि तशीच हातात धरून थांबले.

"आक्का," ते म्हणाले, "पहिल्यापासून सांगा."